नोटीस कन्नडात आली, उत्तर कुणी द्यायचं?

(सीमाभागातल्या युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)

 

पुढाऱ्यांची भाषणं झाली, आता मी बोलायचं म्हणजे जेवणानंतर पुन्हा ताट वाढल्यासारखं. पण बोलावलंय तर बोलतो. मी काही वक्ता नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. आधी एका वकिलांकडे कारकून होतो, आता स्वतःचं टेबल आहे. तीस वर्षं झाली. त्यामुळे मोठ्या गोष्टी मला कमी कळतात, पण कागद कळतो.

एका शब्दापासून सुरू करतो. 'जबाबदार'. आपल्या सभांमध्ये हा शब्द कधी ऐकू येतो? 'या अन्यायाला जबाबदार कोण?' असं व्यासपीठावरून कुणीतरी विचारतो आणि खालून नावं येतात. कधी बेंगळूर, कधी दिल्ली, आणि चिडलेलो असलो की मुंबईसुद्धा. म्हणजे आपण जबाबदार हा शब्द दोषी या अर्थानेच वापरत आलोय. पण शब्द फोडून बघा की. जबाब म्हणजे उत्तर. ज्याने उत्तर द्यायचं तो जबाबदार. दोष कुणाचा हा एक प्रश्न झाला, उत्तर कुणी द्यायचं हा दुसरा. पहिल्यावर आपण 1956 पासून बोलतोय. दुसऱ्यावर घरात, एकेकट्याने, फार कमी बोलतो. मला आज त्या दुसऱ्यावर बोलायचंय.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब मात्र आधी स्वच्छ करून घेऊ, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस सरकारला सोडून द्यायला आलाय. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली आणि आपली गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. आपल्याला कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी 17 जानेवारीला याच मागणीसाठी बेळगावात माणसं गोळीबारात गेली होती. 1966 मध्ये महाजन आयोग नेमला, पुढच्या वर्षी अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज पदवी घेऊन इथे तुमच्यात बसली आहेत आणि दावा तिथेच आहे. यात तुमचा दोष शून्य. तुमच्या वडिलांचाही नाही, आजोबांचाही नाही. हे मी कुठेही, कुणासमोरही सांगेन.

आता मी रोज बघतो ते सांगतो.

एका गावातल्या दोन घरांची गोष्ट. नावं सांगत नाही, गावही नाही. एकाच भावकीतली घरं, मधे एक पडकी भिंत. आजोबा वारल्यावर वारसा नोंदीचं प्रकरण निघालं आणि कुणी दिली, कशी दिली ते सोडा, अर्जात काही वारसांची नावं गाळली गेली. तलाठी ऑफिसातून नोटीस आली. कुणाची हरकत असेल तर अमुक तारखेच्या आत कळवा, अशी. सगळी कन्नडात.

पहिल्या घरातल्या काकांनी ती बघितली आणि घड्याळामागे खोचली. मी त्यांना नंतर विचारलं, काका, वाचून घेतली नाही काय कुणाकडून? ते म्हणाले, "का म्हणून? मी मराठी माणूस. मला मराठीत नोटीस द्यायला पाहिजे. कन्नडातला कागद मी मानत नाही." बाणेदार माणूस हो. दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत पुढे असायचे.

दुसऱ्या घरात दहावी झालेली मुलगी होती. मराठी शाळेतलीच. तिला शाळेतलं कन्नड येत होतं, अडखळत अडखळत का होईना वाचता येत होतं. तिने बोट ठेवून ती नोटीस वाचली. दोन शब्द अडले, ते दुकानदाराला विचारले. आजोबांच्या वारसांत आपल्या आत्याचं आणि आईचं नाव नाही हे तिच्या लक्षात आलं. ती आईला घेऊन माझ्या टेबलाशी आली. मुदत संपायला चार दिवस होते.

तिने मला विचारलं ते मला अजून आठवतं. "काका, हरकत मराठीत लिहिली तर चालते काय?"

चालते. राज्यघटनेचं कलम 350 तुम्ही पाठ करून ठेवा. कुणाही माणसाला आपल्या तक्रारीचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, त्या केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क आहे. मराठी ही कर्नाटकात वापरली जाणारी भाषा आहे की नाही, हे आपल्या आठवडी बाजारात येऊन कुणीही तपासावं. मात्र त्या कलमात जे आहे तेवढंच सांगतो. अर्ज मराठीत द्यायचा हक्क आहे. उत्तर मराठीतच येईल असं तिथे लिहिलेलं नाही. म्हणून तर वाचायला यायला पाहिजे.

आम्ही मराठीत हरकत लिहिली. टेबलावरच्या माणसाने कुरकुर केली, मुलीने शांतपणे कलमाचा आकडा सांगितला, त्याने शिक्का मारून पोच दिली. त्याच अर्जात शेवटी एक ओळ घातली होती, की या नोटिशीची मराठी प्रत मिळावी. ती प्रत आली नाही, हेही सांगतो. पण हरकत नोंदली गेली, चौकशी झाली आणि दोन्ही बायकांची नावं उताऱ्यावर लागली.

पहिल्या काकांचं म्हणणं चुकीचं होतं काय? अजिबात नाही. 1956 मध्येच केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं निवेदन काढलं. जिथे अल्पसंख्याकांचं प्रमाण 15-20 टक्के आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात, असं त्यात ठरलं. आपल्याकडे मराठी माणसं किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे काका शंभर टक्के बरोबर. आणि त्यांच्या वाट्याच्या जमिनीवर दुसऱ्याचं नाव लागलं. मग प्रांतसाहेबांकडे अपील, तारखा, वकिलाची फी, एस.टी.चे हेलपाटे. बरोबर असणं त्यांना तिथे उपयोगी पडलं नाही. ज्याने मराठीत नोटीस दिली नाही, त्याच्या पगारातून एक रुपया कापला गेला नाही. किंमत सगळी काकांनी दिली.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी मनात म्हणत असेल, म्हणजे शेवटी दोष आमचाच की! नव्हे. नोटीस मराठीत न देण्याचा दोष ऑफिसचा. तो आजही त्यांचाच. पण कागद दारात येऊन पडल्यावर पुढच्या चार दिवसांत काय करायचं, ते तहसीलदार ठरवत नव्हता. ते काका ठरवत होते, ती मुलगी ठरवत होती. एवढाच तुकडा आपल्या हातात असतो. लहान आहे. पण तो सोडला तर मग काहीच उरत नाही.

कन्नडाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो, कारण या विषयावर आपल्या लोकांत कुजबूज फार आणि उघड बोलणं कमी. सक्तीला आपला विरोध आहे आणि राहणार. 1986 च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात आपली माणसं गेली. ती सक्तीविरुद्ध लढली. अक्षरांविरुद्ध नव्हे. यातला फरक समजून घ्या. कुणी आपल्यावर लादतो म्हणून भाषा शिकणं वेगळं आणि आपला सातबारा, म्हणजे आपल्याकडचा उतारा, आपण स्वतः वाचावा म्हणून शिकणं वेगळं. दुसऱ्यात मला तर कुठे शरणागती दिसत नाही. उलट कन्नड येत नाही म्हणून दलालाला पाचशे रुपये देऊन कागद वाचून घेणं, त्यात कसला आला स्वाभिमान?

आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. वर्णमाला तीच. क ख ग घ, त्याच क्रमाने, आपला ळसुद्धा आहे. आकार गोल, एवढंच. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत, ते लक्षात ठेवायचं. आणि महसुलाच्या कागदात शब्द तरी कुठले असतात? अर्जी, खाते, जमीनु, हक्कु, दाखले, तहशीलदार, तारीखु. हे काय परके शब्द आहेत? निम्मे फारसीतून दोघांकडे आले, काही संस्कृतातले. उताऱ्यावर नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं, अकराव्यात हक्क आणि ऋण, म्हणजे कर्जाचा बोजा. तो अकरावा रकाना ज्याला वाचता आला, त्याला जमीन घेताना फसवणं कठीण. माझ्या टेबलाशी रडत आलेली कितीतरी माणसं तो एक रकाना न वाचल्यामुळे आलेली आहेत. बाकी बाजारात तुम्ही कन्नड फाडफाड बोलताच की. कांद्याचा भाव करताना येतं, क्रिकेट खेळताना शिव्या द्यायला येतं, फक्त कागद आला की येत नाही. घरात तूप वाढतो, अण्णा-अक्का म्हणतो, हे शब्द कानडीतूनच आले आपल्याकडे. आपली मराठी त्यामुळे काही पातळ झाली नाही.

नोकरीचं तसंच. राज्य सेवेच्या परीक्षेत सक्तीचा कन्नड पेपर असतो, तो मराठी शाळेतल्या मुलांना जड जातो. अन्याय आहे, मान्य. पण मी असेही युवक बघतो, जे तेवढं एक कारण हातात धरून सहा-सहा वर्षं कट्ट्यावर बसलेत. त्यांना विचारलं, केंद्राची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, ठाऊक आहे काय? नाही. बीएसएफ, सीआरपीएफच्या शिपाई भरतीचा पेपर 2024 पासून मराठीतूनही असतो, ठाऊक आहे? नाही. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद असते. गाव वादग्रस्त भागात आहे आणि मातृभाषा मराठी आहे, असे दोन दाखले वेळेत काढावे लागतात. दर वर्षी जुलैत माझ्याकडे दोन-तीन पालक येतात, काका दाखला पाहिजे, उद्या शेवटची तारीख. आता उद्यापर्यंत दाखला कोण देणार? ती तरतूद काही आभाळातून पडली नाही. कुणीतरी भांडून, खेटे घालून मिळवली. आणि आपण ती तारखेवरून सोडून देतो. मग सभेत येऊन म्हणतो, आमच्यासाठी कुणी काही केलं नाही.

थोडं कडू बोलतो. आपल्याकडे सीमाप्रश्न हे एक मोठं उधारीचं खातं झालंय. गणितात नापास झालो, टाक सीमाप्रश्नाच्या खात्यावर. बाप दारू पितो, टाक त्याच खात्यावर. उसाचं बिल थकलं, धंदा बुडाला, लग्न जमत नाही, सगळं तिथेच. काही गोष्टी खरोखर त्या खात्यातल्या असतात. सगळ्या नसतात. कुठली कुठल्या खात्यातली हे ज्याचं त्याने रात्री झोपायच्या आधी बघावं. ते दुसरा कुणी तपासू शकत नाही, मीही नाही.

आता दगडाचं. हे बोलू नको असं मला दोघा-तिघांनी सुचवलं होतं. पण माझ्या टेबलावर चारित्र्य पडताळणीचे अर्ज येतात, त्यामुळे बोलायलाच पाहिजे. आंदोलनात रागाच्या भरात एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने दगड मारलेला असतो, नाहीतर मोबाईलवर काहीतरी टाकलेलं असतं. गुन्हा दाखल होतो. व्यासपीठावरचे जामिनावर सुटतात, त्यांचं काही अडत नाही. पोर चार वर्षांनी भरतीला उभं राहतं, धावतं चांगलं, उंची बसते, आणि पडताळणीत खटला प्रलंबित म्हणून अडकतं. आपल्याकडे मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र गावात आहे, कितीतरी घरांतली माणसं फौजेत गेलीत, त्या वर्दीचं वेड पोरांना असतं. ते पोर आईला घेऊन माझ्यासमोर बसतं तेव्हा माझ्याकडे लिहायला काही नसतं.

म्हणून आंदोलनात जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. उलटं म्हणतोय. आपल्या आधीच्या पिढीने पन्नाशीच्या अखेरीस सत्याग्रह केले, साराबंदी केली. सारा भरला नाही तर जप्ती येते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. तरी त्यांनी भरला नाही. सत्याग्रही स्वतःहून अटक करून घ्यायचे. काय किंमत पडणार हे आधी मोजून, घरात सांगून, दिवसाउजेडी. तेही रागावलेले होते, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. पण राग त्यांच्या ताब्यात होता. अंधारातून दगड मारून पळणाऱ्याच्या बाबतीत राग मालक असतो आणि पोर गडी. उद्या तुम्ही फेरीत उतरणार असाल तर उतरा, पण काय करणार आणि काय नाही ते घरून ठरवून निघा. घोषणा ऐकून तिथल्या तिथे ठरवू नका.

आणखी एक. जबाबदारी घ्या म्हटलं की काही लोकांना वाटतं, रडायचं नाही, दुःख झालं म्हणायचं नाही, छाती पुढे काढून फिरायचं. तसं काही नाही. आपल्याच भागातलं उदाहरण देतो. मूळच्या निपाणीजवळच्या तवंदीच्या इंदिरा संत. 1946 मध्ये त्यांचे पती ना. मा. संत वारले. बाई बत्तिशीच्या, पदरात तीन मुलं. त्या बेळगावातच राहिल्या, शिकवलं, शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात प्राचार्य झाल्या, मुलं वाढवली. आणि दुःखाचं काय केलं? ते लपवलं नाही, फेकून दिलं नाही. लिहीत राहिल्या, 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' अशी पुस्तकं येत राहिली, 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते दुःख त्यांच्या कवितेत शेवटपर्यंत होतं. पण सकाळी शाळेत तास असायचा आणि तो त्या घ्यायच्या. कॉलेजच्या मुलींनी त्यांची पुस्तकं जरूर वाचावीत, मुलांनी तर जास्तच, कारण मुलांना दुःख झालं तर काय करायचं हे आपल्याकडे कुणी शिकवतच नाही. गुटखा आणि बाटली, या दोनच वाटा दाखवल्या जातात.

त्या पहिल्या काकांचं पुढे काय झालं असं कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगतो. अपील अजून चालू आहे. मध्यंतरी ते एकदा टेबलाशी आले, खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाले, "नातवाने वाचलाय, पण तू एकदा बघ." नातू सहावीत आहे. त्याने प्रत्येक कन्नड ओळीखाली पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहिला होता. एक शब्द चुकला होता फक्त. काका बाहेर बाकावर बसून चहा पीत होते. त्यांचं मत बदललेलं नाही, मराठीत नोटीस पाहिजे म्हणजे पाहिजेच. त्याचाही अर्ज आम्ही त्याच दिवशी दिला. पोच घेतली.

माझं एवढंच काम ठरलंय आता. पुढच्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा, इथेच या हॉलमध्ये बसायचं. फी नाही. येताना घरातला उतारा घेऊन यायचा, मूळ नको, झेरॉक्स आणा. आपापला उतारा आपण स्वतः वाचायचा, पहिल्या दिवशी नुसतं स्वतःचं आडनाव शोधायचं. साधारण सहा रविवारांत बोट न ठेवता वाचता यायला लागेल. त्यानंतर कलम 350 खाली मराठीत अर्ज कसा लिहायचा ते बघू. ज्यांना शेत नाही त्यांनी हेस्कॉमचं लाईट बिल आणलं तरी चालेल. तेही आपण न वाचताच भरतोय इतकी वर्षं.

वही आणि पेन्सिल आपली आपण आणायची. चहाचं मी बघतो.